बॉनेट उघडण्याआधी

सकाळच्या घाईत चावी फिरवली आणि गाडी चालू झाली नाही, या एका तक्रारीत किमान तीन निरनिराळे बिघाड लपलेले असतात. पहिल्यात सेल्फमधून 'टकटकटकटक' असा भरभर आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात. दुसऱ्यात एकच जाड 'टक्' होतं आणि पुढे काहीच नाही. तिसऱ्यात सेल्फ जोमानं फिरतो, इंजिन गरगरतं, पण पेट घेत नाही. घाईतला माणूस या तिन्हींना 'बॅटरी गेली' म्हणतो आणि फोन काढतो. पहिल्या वेळी तो बहुधा बरोबर असतो. दुसऱ्या वेळी दोष सेल्फच्या मोटरचा किंवा तिच्या सोलेनॉइडचा असण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या वेळी बॅटरी बिचारी आपलं काम चोख करत असते. एकतर पेट्रोल पोचत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही.

या तिन्हींतला फरक कळायला पानाही लागत नाही. हेडलाइट लावून सेल्फ मारावा आणि समोरच्या भिंतीवरच्या उजेडाकडे बघावं. उजेड एकदम विझत आला तर वीज कमी पडते आहे: बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलांवर गंज चढला आहे. उजेड लख्ख राहिला आणि सेल्फ मात्र हलला नाही, तर वीज आहे, पण मोटरपर्यंत जात नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर 'पी' किंवा 'एन'वर नसला तरी असंच होतं, आणि हल्लीच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. सेल्फ फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर चावी नुसती 'ऑन'वर न्यावी आणि कान मागच्या सीटकडे लावावा. पेट्रोलच्या टाकीतला पंप एक-दोन सेकंद गुणगुणून थांबतो. ते गुणगुणणं ऐकू आलं नाही तर आधी पंपाचा फ्यूज बघायचा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरनं चावी ओळखलेली नाही. घरातली दुसरी चावी आणून बघावी. हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं.

घरी गाडी दुरुस्त करायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाडीखाली आडवा झालेला, कोपरापर्यंत काळवंडलेला माणूस येतो. म्हणून बहुतेकजण बॉनेट उघडण्याच्या फंदातच पडत नाहीत. वास्तविक घरच्या कामातला मोठा वाटा हत्यारांचा नसतो, लक्ष देण्याचा असतो. गाडी थंड असताना कुरकुरते की तापल्यावर, डावीकडे वळताना की उजवीकडे, पाऊस पडून गेल्यावरच की एरवीही, हे रोज चालवणाऱ्यालाच माहीत असतं. गॅरेजमध्ये गाडी पोचते तोवर ती तापलेली असते, आवाज थांबलेला असतो, आणि मेकॅनिकला मिळतात दहा मिनिटं आणि एक सपाट गल्ली. मग तो अंदाजानं एक भाग बदलतो, आठवड्यानं दुसरा. यात त्याची लबाडी असतेच असं नाही. बऱ्याचदा त्याला पुरेशी माहितीच दिलेली नसते. 'जरा बघा ना, काहीतरी वाजतंय' एवढ्यावर कुणीही नीट काम करू शकणार नाही. दुरुस्ती कुणाच्याही हातून होवो, तपासाची सुरुवात मालकानं घरी करायला हवी.

बॅटरीपासून सुरुवात करावी, कारण सर्वाधिक वेळा अडवते ती तीच. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली तयार केली आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. आत सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून पूर्ण भरलेली, रात्रभर शांत उभी असलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ दिसले तर ती अर्धी उतरली आहे. गाडी चालू केल्यावर हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढायला हवा. तो १२ च्या घरातच रेंगाळला तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात आहे. (अगदी नव्या गाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणे हा आकडा खालीवर करतो, हे लक्षात ठेवायचं.) अल्टरनेटर बिघडलेल्या गाडीत नवी बॅटरी घातली, तर तीही दोन दिवसांत उतरते आणि माणूस बॅटरीवाल्याशी भांडत बसतो. तो मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि गाडीइतकाच घरातल्या इतर कामांनाही येतो.

टर्मिनलवरची पांढरट-हिरवी भुकटी हा तर निव्वळ घरचा मामला. गरम पाणी, खायचा सोडा आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो. फक्त क्रम चुकवायचा नाही: काढताना आधी निगेटिव्ह वायर, लावताना ती शेवटी. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हचा नट आधी सोडवायला गेलं आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतात. हात भाजतो, बॅटरी फुटूही शकते. निगेटिव्ह आधी सुटलेली असली की पाना पत्र्याला कुठेही टेकला तरी काही होत नाही. साफ झाल्यावर टर्मिनल घट्ट आवळून वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि पुण्यामुंबईच्या सोसायट्यांमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्यांनी बॅटरीचा आणखी एक धडा एकदमच शिकवला. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची स्मृती यांना थोडी वीज लागतच असते. हा खर्च ५० मिलिअँपिअर धरला आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तर ७०० तासांत, म्हणजे २९ दिवसांत ती पार रिकामी होते. आणि सेल्फ मारण्याइतका जोर तर त्याच्या बराच आधी संपतो. दोन-तीन आठवडे गाडी हलणार नसेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवणं हा सोपा उपाय. नुसती पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद केल्यानं फार काही साधत नाही, कारण सेल्फ मारताना गेलेली वीजही तेवढ्यात धड भरून येत नाही. गाडी अर्धा तास तरी रस्त्यावर फिरवावी लागते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची झाली, तर लाल वायर दोन्हीकडे पॉझिटिव्हला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या एखाद्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो.

एकेकाळी या सगळ्याला पर्याय म्हणजे हँडल. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला. आपल्याकडच्या फियाट-अँबॅसिडरमध्ये मात्र सेल्फ असूनही पुढून हँडल घालून इंजिन फिरवायची सोय पुढे कितीतरी वर्षं राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी ही तर कित्येक मराठी घरांची आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची शाळाच होती. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरनं घासणं, कार्बोरेटरचं जेट काढून फुंकर मारणं, 'कचरा आलाय' असं म्हणून पुन्हा बसवणं, ही कामं टॅक्सीवाले प्रवाशाला बसवून रस्त्याच्या कडेला करत. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंद झालेल्या शेवटच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

त्या पिढीला सगळ्यात जास्त छळलं ते व्हेपर लॉकनं. एप्रिल-मेचं ऊन, बोर घाटाचा चढ, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापलेलं इंजिन, आणि त्या इंजिनाच्याच अंगावर बसवलेला पेट्रोलचा पंप. नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होई आणि पंपाला वाफ ओढता येत नसे. गाडी बंद. मग पंपावर ओला फडका टाकून वाट बघत बसायचं. ज्या माणसाला हा प्रकार ठाऊक होता तो पंधरा-वीस मिनिटांत पुढे जाई. ज्याला नव्हता तो कार्बोरेटर खोलून बसे, तेवढ्यात पंप आपोआप गार होई, गाडी चालू होई, आणि दोष कार्बोरेटरचाच होता अशी त्याची कायमची समजूत होई. चुकीच्या उपायानंतरही गाडी सुरू होऊ शकते, हे घरच्या दुरुस्तीतलं सर्वांत फसवं वळण आहे. पुढे इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत गेला, नळीत साधारण ३ बारचा दाब आला आणि हा त्रास जवळजवळ संपला.

गाडीची रस्त्यावरची पहिली मोठी दुरुस्तीही मालकिणीच्याच हातची होती. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेली तीन चाकांची गाडी मॅनहाइमहून फॉर्झहाइमला, आपल्या माहेरी घेऊन गेली. शंभर किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. विजेची तार घासून उघडी पडली, तिला मोज्याचा इलॅस्टिक पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा गावातल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन घेतलं ते विसलोखच्या औषधाच्या दुकानातून. या सगळ्याहून मोलाची गोष्ट तिनं घरी परतल्यावर केली: चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, तेव्हा आणखी एक गिअर हवा, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. दुरुस्ती तिनं वाटेत केलीच, पण दोष नेमका कुठल्या परिस्थितीत दिसतो हेही ती बघून आली.

परिस्थिती कशी ओळखायची, याचा एक साधा पहिला प्रश्न आहे. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकांच्या? गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. आवाज तेव्हाही येत असेल तर तो इंजिनाचा किंवा त्याच्या पट्ट्यांचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालू लागली की येतो, तर शोध चाकांकडे, ब्रेककडे, सस्पेन्शनकडे न्यावा. दमट सकाळी चालू करताक्षणी 'चीं' करून अर्ध्या मिनिटात थांबणारा आवाज हा बहुधा सैल किंवा झिजलेल्या पट्ट्याचा. वेगाबरोबर वाढत जाणारी, विमानासारखी घरघर चाकाच्या बेअरिंगची. सरळ रस्त्यावर हलकंच वळण घेतलं की भार एका बाजूला जातो आणि घरघर वाढते वा कमी होते, त्यावरून कोणत्या बाजूचं चाक तेही कळतं. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हळू फिरवताना 'कट् कट् कट्' झालं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. लहान खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्' आलं तर लिंक रॉड किंवा बुश. ब्रेक दाबला की बारीक किंचाळी, सोडला की बंद, म्हणजे ब्रेक पॅड झिजत आले आहेत. बऱ्याच पॅडना त्यासाठी मुद्दाम एक पत्र्याची जीभ लावलेली असते. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले दोन-चार ब्रेक मात्र खरखरतातच. डिस्कवर आलेला गंजाचा पातळ थर तेवढ्यात पुसला जातो आणि त्यात काळजीचं कारण नाही.

केवळ वर्णनावरून दोष ओळखता येतो, हे टॉम आणि रे मॅग्लिओझी या भावांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं रेडिओवर करून दाखवलं. दोघंही एमआयटीचे पदवीधर आणि केंब्रिजमध्ये गॅरेज चालवणारे. त्यांचा 'कार टॉक' हा कार्यक्रम १९७७ साली बोस्टनच्या केंद्रावर सुरू झाला आणि १९८७ पासून २०१२ पर्यंत देशभर ऐकला गेला. लोक फोन करत आणि आपल्या गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवत. ते भाऊ विचारत: केव्हा येतो? किती वेगाला? थंड असताना? वळताना? पाच-सहा प्रश्नांत शक्यता दोनवर येत. आपण सांगितलेलं खरं निघालं का, हे पडताळायला ते काही श्रोत्यांना पुन्हा बोलावत आणि चुकले असतील तर तेही सगळ्यांसमोर ऐकवलं जाई. कानानं काम करणाऱ्याला ही पडताळणी हवीच.

कानाला जे कळत नाही ते जुनं वर्तमानपत्र सांगतं. गाडीखाली रात्री चार पानं पसरून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला दगड ठेवून, सकाळी डाग बघावेत. एसी लावून आल्यावर डाव्या बाजूला पडलेलं स्वच्छ पाणी ही तक्रार नव्हे, ती हवेतली ओल आहे. उलट एसी लावूनही पाणी खाली न पडता पायाशी साचत असेल तर एसीची नळी तुंबली आहे. हिरवा, गुलाबी किंवा निळसर आणि गोडसर वासाचा डाग कूलंटचा. काळपट-तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागतो तो इंजिन ऑइलचा. चाकाजवळ पातळ, पिवळसर ओल दिसली आणि ब्रेकच्या डबीतली पातळी खाली गेली असेल, तर ती गाडी रस्त्यावर काढायची नाही. मेकॅनिकलाच घरी बोलवायचं.

गाडी तापते, या तक्रारीतही वेळ आणि जागा बोलतात. सिग्नलला काटा वर चढतो आणि महामार्गावर खाली येतो, तर रेडिएटरचा पंखा फिरत नाही: त्याचा फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं बघावं. उलट सिग्नलला ठीक आणि घाट चढताना तापते, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर आतून क्षारांनी भरलाय किंवा थर्मोस्टॅट अडकलाय. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेल्या रेडिएटरचं हेच होतं. काटा चढू लागला की एसी बंद करावा, खिडक्या उघडून हीटर पूर्ण लावावा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा लाल पट्टीत गेला तर गाडी कडेला घेऊन बंद करावी आणि रेडिएटरचं झाकण किमान अर्धा तास उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असल्यानं १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरताच दाब पडतो आणि ते सगळं वाफ होऊन तोंडावर येतं.

महाराष्ट्रात गाडीचं खरं परीक्षेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पावसाळ्याआधी एक काम जवळजवळ कुणीच करत नाही. समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी एक पन्हळ असते. तिच्यातून पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांनी खाली जातं. चिंचेखाली, गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांच्या पन्हळीत त्या बारीक पानांचा लगदा बसतो, भोकं बुजतात आणि पाणी गाडीत उतरतं. कार्पेट ओलं होतं, कुबट वास येतो, आणि पायाजवळचे विजेचे जोड गंजू लागतात. मालक दाराचं रबर बदलतो, काचेला सिलिकॉन लावतो. उपाय असतो तो हातानं पानं उचलण्याचा आणि तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडतंय ना, एवढं बघण्याचा.

मग उंदीर. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावं लागतं. आणि पावसात इंजिनाइतकी कोरडी, ऊबदार जागा दुसरी नसते. रात्री पाऊस झाला आणि सकाळी डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकदम पेटले, तर सेन्सरांच्या मागे लागण्याआधी बॉनेट उघडून वायरी बघाव्यात. लेंड्या, पालापाचोळा, फडक्याचे तुकडे दिसतील. पेट्रोलचा वास आला तर चावी लावायचीच नाही, नळीही कुरतडलेली असू शकते. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशक शिंपडून ओल्या फडक्यानं पुसाव्यात, कारण उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तुटलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळणं हा गॅरेजपर्यंत जाण्यापुरता उपाय. वायर झाळून वरून नळी चढवली तरच जोड टिकतो. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या असे उपाय लोक हिरिरीनं सांगतात. त्यापेक्षा गाडीत खाण्याचा कण ठेवू नये, ती कचऱ्याच्या डब्याशेजारी लावू नये आणि दोन-तीन दिवसांआड बॉनेट उघडावं, हे जास्त कामाचं.

आणि पूर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या रस्त्यांवर गाड्या बुडाल्या, काही माणसं गाडीतच अडकून दगावली. त्या पावसात आणि नंतरच्या प्रत्येक मोठ्या पावसात कितीतरी इंजिनं पाण्यानं मेली नाहीत, तर पाणी ओसरल्यावर मारलेल्या सेल्फनं मेली. हे नीट समजून घ्यायला मारुती ८०० चं इंजिन बरं. ७९६ सीसीचे तीन सिलिंडर, म्हणजे एकेक साधारण २६५ सीसीचा. पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा सुमारे नवव्या हिश्शात दाबली जाते. वर उरते ती जेमतेम ३३ घन सेंटिमीटर जागा. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरमधून मोठे दोन-अडीच चमचे पाणी जरी त्या सिलिंडरमध्ये गेलं, तरी पिस्टन वर जाऊ शकत नाही आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी 'एकदा मारून तर बघू' म्हणून कधीही मारायची नाही. धक्काही नाही. शक्य असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, पाणी कुठवर चढलं होतं त्याचा फोटो काढावा आणि गाडी ओढून न्यावी. एअर फिल्टर कोरडा निघाला, तर इंजिन वाचल्याची शक्यता मोठी असते. ओला निघाला तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. विम्याचं म्हणाल तर पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड वेगळी घ्यावी लागते.

हल्ली बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं काळं झाकण दिसतं आणि 'आता घरी काही करता येत नाही' अशी हळहळ ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. पॉइंट घासण्याचे दिवस गेले, पण भारतात २०१० साली बीएस-४ या प्रदूषण-नियमांबरोबर ओबीडी (गाडीनं स्वतःचे दोष टिपण्याची सोय) येऊ लागलं, २०१३ पासून त्याचा पुढचा टप्पा आला, आणि स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून गाडी आपली तक्रार स्वतःच कोडच्या रूपात सांगू लागली. ब्लूटूथचा छोटा अ‍ॅडाप्टर आणि फोन एवढ्यावर ती वाचता येते. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला असेल तर गाडी सावकाश घरी आणून कोड वाचावा. तो लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. तेव्हा गाडी पळवू नये.

मात्र कोड म्हणजे बदलायच्या भागाचं नाव नव्हे. पी०१७१ एवढंच म्हणतो की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. फाटलेली व्हॅक्यूमची नळी, मळलेला हवेचा सेन्सर, दमलेला पंप, यांपैकी काहीही असू शकतं, आणि नळी सर्वांत स्वस्त असल्यानं आधी ती बघावी. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. इथे घरच्या घरी करता येणारी एक फार सुंदर परीक्षा आहे. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत, इंजिन बंद आणि गार असताना, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइली आपसांत बदलायच्या, कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. नवा कोड पी०३०२ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे, आता प्लगांची अदलाबदल करा, त्यानंतर इंजेक्टरकडे वळा. पैसा खर्च न करता एकेक शक्यता बाद होत जाते. एकाच वेळी प्लग, कॉइल आणि फिल्टर तिन्ही बदलून बरी झालेली गाडी नेमकं काय झालं होतं ते कधीच सांगत नाही.

लहानसहान कामांना तर कुणाला बोलावायचीही गरज नाही. एसी कमी गार करतोय असं वाटलं तर गॅस भरण्याआधी ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून उन्हात धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर उत्तर मिळालं. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब बदलताना काचेला उघड्या बोटांनी शिवू नये, त्वचेचं तेल लागलेल्या ठिकाणी काच जास्त तापून फुटते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी किंवा तार घालणाऱ्यानं गाडीला आग लावायची तयारी केलेली असते. फ्यूज पुन्हा उडाला तर त्या वाटेवर कुठेतरी वायर पत्र्याला लागते आहे, आणि ती शोधणं हेच काम आहे.

काय करायचं नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि दुसऱ्या चाकांना दगड लावावेत. स्टिअरिंगभोवतीच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात नाही. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलमधून शेकडो व्होल्ट जातात, त्याही वर्ज्य. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असतो आणि ओल शोषल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावं, पण शिकवणारा शेजारी असल्याशिवाय ते काम घरी करू नये. इंजिन ऑइल घरी बदललंच तर जुनं तेल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजला द्यावं. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत करावी. शिसं जमिनीत गेलं की ते परत निघत नाही.

एवढं करूनही बऱ्याच वेळा गाडी गॅरेजमध्ये जाणारच, आणि तिथे घरचा अभ्यास उपयोगी पडतो. कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: तक्रार केव्हापासून, थंड की गरम, किती वेगाला, कोणत्या गिअरला, कोणता कोड, घरी काय तपासून झालं. गाडी शक्य तर आदल्या रात्रीच गॅरेजवर सोडावी, म्हणजे सकाळी थंड इंजिनाचा पहिला आवाज मेकॅनिकलाही ऐकता येतो. चालतानाच येणारा आवाज असेल तर त्याला शेजारी बसवून न्यावं, रोजचा तोच स्पीडब्रेकर त्याच वेगानं ओलांडावा, मग किल्ली त्याच्या हाती देऊन आपण शेजारी बसावं. बदललेला भाग परत मागावा आणि तो कुठे झिजला होता ते दाखवायला सांगावं. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. तो बेअरिंग बोटांवर फिरवून दाखवतो, खरखर कुठे लागते ते सांगतो, आणि दुसऱ्या बाजूचं अजून किती चालेल तेही.